मोबाइल, बॅटरी आणि ओलावा: पाणी, घाम व दमट हवेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मोबाइल दुरुस्त करतो. उघडलेल्या फोनचा बोर्ड, म्हणजे सगळ्या चिपा बसवलेली आतली पट्टी, भिंगाखाली धरला की तो कशाने खराब झाला याचा बराचसा अंदाज येतो. ‘हा फोन पाण्यात कधीच पडला नाही,’ असं ठामपणे सांगणारी माणसं बहुतेक वेळा खरंच बोलत असतात. फोन पाण्यात पडलेला नसतो. खिशातल्या घामाने आणि दमट हवेने तो आतून हळूहळू खाल्लेला असतो. टेबलापलीकडून मला पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची माझी उत्तरं इथे एकत्र केली आहेत. फोन आत्ता ओल्या अवस्थेत हातात असेल तर पहिलंच उत्तर वाचा. बाकीचं नंतर वाचलं तरी चालेल.

फोन आत्ताच पाण्यात पडला. सगळ्यात आधी काय करू?

तो चार्जिंगला लावलेला असेल तर आधी भिंतीवरचं बटण बंद करा, मगच फोनला हात लावा. ओल्या हाताने प्लग ओढू नका.

फोन बाहेर काढा, स्क्रीन पुसा आणि तो बंद करा. ओल्या स्क्रीनवर स्पर्श नीट कळत नाही, म्हणून पुसायचं आधी आणि बंद करायचं नंतर. कव्हर काढा. मागचं झाकण निघणारा जुना फोन असेल तर बॅटरी लगेच बाहेर काढा, याहून मोठं काम दुसरं नाही. मग मऊ, धागे न सुटणाऱ्या कापडाने सगळीकडून टिपून घ्या. चार्जिंगचं तोंड खाली येईल असा फोन धरून तळहातावर हळूच आपटा. जोरात झटकू नका, झटकल्याने बाहेर असलेलं पाणी आत सरकतं.

सिमचा ट्रे काढायचा का, हे फोनवर अवलंबून आहे. पाणीरोधक फोनच्या ट्रेला बारीक रबरी कडा असते आणि तिथे अडकलेला थेंब ट्रे उघडताच आत उतरतो. अशा फोनमध्ये बाहेरचा भाग पूर्ण कोरडा झाल्यावरच ट्रे काढा. संरक्षण नसलेल्या फोनमध्ये मात्र लगेच काढा, कारण तिथे पाणी आधीच आत गेलेलं असतं आणि त्याला बाहेर पडायला वाट हवी असते.

यानंतर ‘चालतोय का बघू’ म्हणून तो सुरू करू नका. चार्जिंगला तर मुळीच लावू नका.

पण फोन व्यवस्थित चालू आहे. मग बंद कशाला करायचा?

कारण फोन मारण्याचं काम नुसतं पाणी करत नाही, पाण्यातून वाहणारी वीज ते करते. माझ्या मते या पानावरची सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

अगदी शुद्ध पाण्यातून वीज जवळजवळ वाहत नाही. नळाच्या पाण्यात क्षार असतात, घामात मीठ असतं, आणि त्यातून ती वाहते. फोनची बॅटरी भरलेली असताना साधारण ४.२ ते ४.४ व्होल्ट देते. पाण्याचे रेणू फोडायला सुमारे १.२३ व्होल्ट पुरतात. म्हणजे चालू फोनच्या बोर्डावर पडलेला थेंब हे एक छोटं विद्युतविघटनाचं भांडंच असतं. धन बाजूच्या टोकावरचं तांबं विरघळतं, थेंबातून सरकतं आणि ऋण बाजूला नेच्याच्या पानासारख्या बारीक फांद्या धरत वाढतं. ही फांदी पलीकडच्या टोकाला भिडली की शॉर्ट. दोन टोकांमधलं अंतर मिलिमीटरच्या काही भागाएवढंच असतं, त्यामुळे काम फार लवकर उरकतं.

फोन बंद केल्याने ही क्रिया पूर्ण थांबत नाही. बॅटरी जोडलेलीच असते आणि बोर्डाच्या काही भागांत व्होल्टेज राहतं. पण चालू फोनच्या मानाने ते पुष्कळ कमी ठिकाणी असतं. म्हणूनच आत पाणी गेल्याची शंका असेल तर फोन उघडून बॅटरीचा कनेक्टर सोडवणं हाच खरा इलाज आहे, आणि तो जितक्या लवकर होईल तितकं बरं.

कामाला लागलो त्या सुरुवातीच्या काळात मी एक ओला फोन पुरता वाळायच्या आत उत्सुकतेने सुरू करून पाहिला होता. लोगो आला, स्क्रीन एकदा थरथरली आणि फोन कायमचा गेला. त्यात एका आजोबांचे नातवंडांसोबतचे सगळे फोटो होते आणि दुसरीकडे कुठेही प्रत नव्हती. त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. तेव्हापासून मी घाई करत नाही आणि कुणालाही करू देत नाही.

तांदळात ठेवू का?

नको. कोरडे तांदूळ हवेतला ओलावा ओढून घेतात, पण फार सावकाश आणि फार थोडा. बोर्डावरच्या धातूच्या झाकणाखाली अडकलेल्या पाण्यापर्यंत त्यांची पोहोचच नसते. उलट तांदळाची पूड आणि तुकडे चार्जिंगच्या तोंडात शिरतात आणि तिथे ओल्या पिठाचा लगदा होतो. हे पीठ कोरून काढण्यात माझे किती तास गेले असतील! ॲपलनेही आपल्या मदतीच्या पानावर फोन तांदळात ठेवू नका, कण आत जाऊन नुकसान होऊ शकतं, असं स्पष्ट लिहिलं आहे.

तांदळाचा खरा तोटा वेगळाच आहे. फोन डब्यात पुरला की आपण काहीतरी केलं असं समाधान वाटतं आणि दोन दिवस वाया जातात. त्या दोन दिवसांत आतलं तांबं गंजत राहतं.

हेअर ड्रायर, ऊन, गरम जागा, फ्रीज?

चारही नाही. गरम हवेच्या झोताने पाणी आणखी आत ढकललं जातं, फोनचे भाग चिकटवून ठेवणारा गोंद सैल होतो आणि बॅटरी तापते. लिथियम-आयन बॅटरीला ६० अंश सेल्सिअसच्या पुढचं तापमान धोक्याचं असतं आणि ड्रायरच्या तोंडाशी ते सहज गाठलं जातं. फ्रीजमधून बाहेर काढलेल्या थंड फोनवर हवेतली वाफ जमून आणखी पाणी तयार होतं. साधा पंखा लावा आणि पोर्ट, म्हणजे चार्जिंगचं तोंड, वाऱ्याकडे करून फोन ठेवा. वाहती कोरडी हवा हेच सगळ्यात चांगलं.

मग किती वेळ वाळवायचा?

फोन पाणीरोधक असेल आणि फक्त बाहेरून, पोर्टमध्ये ओला झाला असेल तर काही तास. आत पाणी गेलं असेल तर निदान ४८ तास. तरीही लक्षात घ्या, पाणी उडून जातं पण त्यातले क्षार मागे राहतात. ते वाळवून जात नाहीत, धुवावे लागतात.

घामाचे चार थेंब. त्याने फोन खराब होतो हे जरा अतिशयोक्त नाही का?

नाही. घाम मला साध्या पाण्यापेक्षा जास्त त्रासदायक वाटतो. पाण्यात पडणं हा एकदाचा अपघात असतो. घामाचा हप्ता मात्र रोज चुकता होतो.

घाम म्हणजे बहुतांश पाणीच, पण त्यात साधं मीठ, पोटॅशियम, लॅक्टिक आम्ल आणि युरिया असतात. एका लिटर घामात ढोबळमानाने १ ते ४ ग्रॅम मीठ असतं. समुद्राच्या पाण्यात ते सुमारे ३५ ग्रॅम असतं, त्यामुळे घाम त्या मानाने सौम्य दिसतो. पण घाम बहुधा किंचित आम्लधर्मी असतो, आणि मिठातला क्लोराइड तांबं, निकेल, ॲल्युमिनियम या सगळ्यांवरचा संरक्षक थर फोडतो. पोर्टच्या पिनांवर सोन्याचा मुलामा असतो. सोनं गंजत नाही हे खरं, पण तो मुलामा अत्यंत पातळ असतो. केबल घालून-काढून तो घासला जातो, त्यात सूक्ष्म छिद्रं पडतात आणि खालचं निकेल व तांबं उघडं पडतं. गंज तिथून सुरू होतो.

आता जी गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते ती. घाम वाळला म्हणजे विषय संपला असं नाही. मागे मीठ राहतं, आणि हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतली वाफ ओढून घेऊन स्वतःच पाणी होतं. मिठाची बरणी उघडी राहिली की दमट दिवसांत काय होतं ते आठवा. तेच तुमच्या चार्जिंग पोर्टमध्ये आणि स्पीकरच्या जाळीमागे होत असतं. फोन टेबलावर नुसता पडलेला असतो, कुणी पाणी सांडलेलं नसतं, आणि तरी आतला मिठाचा थर ओला होतो. हवा कोरडी झाली की तो वाळतो, पुन्हा दमट झाली की पुन्हा ओला होतो. अशी आवर्तनं महिनोन्‌महिने चालतात.

एका धावपटूचा फोन माझ्याकडे आला होता. तक्रार साधीच होती, चार्जिंग हळू होतं. मग केबल एका विशिष्ट कोनात धरली तरच होऊ लागलं. पोर्ट उघडलं तर पिनांच्या मुळाशी हिरवट खार धरला होता आणि एक पिन अर्धी झिजली होती. फोन रोज दंडाच्या पट्ट्यात, पोर्ट खाली करून. दंडावरून ओघळणारा सगळा घाम नेमका तिथे जमत होता. पट्ट्यात फोन उलटा घातला असता तर बहुधा ही वेळ आली नसती.

व्यायाम करताना किंवा घाम येणारं काम करताना फोन कुठे आणि कसा ठेवावा?

अंगाला थेट चिकटणार नाही अशी कुठलीही जागा चांगली. कपड्याच्या आतल्या खिशापेक्षा बाहेरचा खिसा बरा. कमरेचा पट्टा वापरत असाल तर ज्याची अंगाकडची बाजू पाणी न शिरणाऱ्या कापडाची आहे असा घ्या. फोन दंडाला बांधायचाच असेल तर पोर्ट वरच्या बाजूला करा. एवढ्या एका बदलाने खूप फरक पडतो.

घरी आल्यावर कव्हर काढा. हे कुणीच करत नाही! कव्हर आणि फोन यांच्यामध्ये घामाची पातळ पट्टी अडकून राहते, विशेषतः बटणांपाशी आणि कॅमेऱ्याच्या कडेने. साध्या पाण्याने किंचित ओलसर केलेल्या कापडाने फोन पुसा, मग कोरड्याने पुसा. ओलसर कापडाचा हेतू मीठ उचलून घेण्याचा आहे. नुसत्या कोरड्या कापडाने मीठ पसरतं. कव्हर धुऊन पूर्ण वाळू द्या. चामड्याचं कव्हर घाम शोषून धरतं, म्हणून व्यायामाला सिलिकॉनचं वापरा.

आणि व्यायामाहून येताच फोन चार्जिंगला लावू नका. अर्धा तास थांबा. ओला पोर्ट आणि त्यात सोडलेली वीज ही जोडी सगळ्यात वाईट.

साध्या झिपच्या प्लास्टिक पिशवीत ठेवला तर?

पावसासाठी उत्तम आणि स्वस्त उपाय आहे. पातळ प्लास्टिकवरून स्क्रीनही चालते. दोन अटी आहेत. फोन आणि हात दोन्ही कोरडे असतानाच पिशवी बंद करा, नाहीतर ओलावा बाहेर अडवण्याऐवजी आपण तो आत कोंडतो. दुसरी, पिशवीत फोनची उष्णता बाहेर पडत नाही, म्हणून त्यात चार्जिंग, गेम, लांबलचक व्हिडिओ चित्रीकरण नको. घरी आलात की बाहेर काढा.

माझा फोन आयपी६८ आहे. मला हे सगळं लागू होतं का?

होतं. या आकड्यांनी जितकं संरक्षण दिलं तितकाच गैरसमजही पसरवला आहे.

आयपी ही खूण आयईसी ६०५२९ या आंतरराष्ट्रीय मानकातून येते. पहिला आकडा धुळीचा, तो ० ते ६ असतो. दुसरा पाण्याचा. दुसरा आकडा ४ म्हणजे सगळ्या बाजूंनी उडणारे शिंतोडे, ७ म्हणजे १ मीटर खोल पाण्यात ३० मिनिटं, आणि ८ म्हणजे त्याहून कठीण, किती खोल आणि किती वेळ ते कंपनी सांगेल तसं. म्हणून दोन आयपी६८ फोन सारखे नसतात. एकाची कंपनी १.५ मीटर म्हणते, दुसऱ्याची ६ मीटर. पहिल्या आकड्याची चाचणी झालेली नसेल तर तिथे एक्स लिहितात, आयपीएक्स४ असं.

ही चाचणी नव्या उपकरणावर, स्थिर गोड्या पाण्यात होते. घाम, साबण, पोहण्याच्या तलावातलं क्लोरीन, समुद्र यांची चाचणी त्यात नाही. आयपीएक्स८ आहे म्हणजे नळाच्या जोराच्या धारेतही टिकेल असंही नाही. झोताची चाचणी वेगळी असते, तिचे आकडे ५ आणि ६. दोन्ही चाचण्या पार केलेल्या उपकरणावर दोन्ही खुणा दिलेल्या असतात.

दुसरी अडचण वयाची. फोनचं संरक्षण गोंदाच्या एका बारीक पट्टीवर आणि काही रबरी कड्यांवर उभं असतं. उन्हात तापून, पडून, खिशात वाकून ती पट्टी ठिकठिकाणी सुटते. काचेला एक तडा गेला तरी आयपी संपला असं समजा. फोन एकदा दुरुस्तीसाठी उघडला आणि नवी पट्टी नीट बसवली नाही तरीही तेच. दोन वर्षं वापरलेला आयपी६८ फोन मी स्वतः पाण्यात घालणार नाही.

तिसरी गोष्ट वाफेची. फोनच्या आत आणि बाहेर हवेचा दाब सारखा राहावा म्हणून आणि आवाज बाहेर पडावा म्हणून काही भोकांवर अतिशय सूक्ष्म छिद्रांचे पडदे असतात. हे पडदे पाण्याचा थेंब अडवतात, पण वाफ त्यांतून जाऊ शकते. म्हणून गरम पाण्याच्या अंघोळीच्या वेळी न्हाणीघरात ठेवलेला फोन थेंबभर पाणी न लागताही आतून दमट होतो. कॅमेऱ्याच्या काचेआड धुकं दिसलं तर ते याचंच लक्षण.

तापलेला फोन एकदम थंड पाण्यात गेला तर आणखी वाईट. आतली हवा आकसते आणि कुठे सैल कड असेल तिथून पाणी आत ओढलं जातं.

थंड खोलीतून बाहेर पडल्यावर फोनवर धुकं का येतं? त्याने काही बिघडतं का?

समजा खोली २२ अंशांवर थंड केली आहे आणि बाहेर ३२ अंश तापमान, ७५ टक्के आर्द्रता आहे. अशा हवेचा दवबिंदू सुमारे २७ अंश येतो. म्हणजे २७ पेक्षा थंड असलेल्या कुठल्याही वस्तूवर त्या हवेतली वाफ पाणी होऊन बसणार. तुमचा फोन २२ वर आहे, आणि हीच हवा पोर्टमध्ये आणि जाळ्यांमध्येही शिरते.

एखाद्या दिवशी काही बिघडत नाही. रोज दहादा आत-बाहेर होत असेल आणि पोर्टमध्ये आधीच घामाचं मीठ असेल तर बिघडतं. बाहेर पडताना फोन पिशवीत किंवा बॅगेत ठेवून दहा-पंधरा मिनिटं सावकाश गरम होऊ द्या. एसीच्या झोताखाली फोन ठेवायची सवय असेल तर ती मोडा.

‘चार्जिंग पोर्टमध्ये ओलावा आहे’ अशी सूचना येते. फोन तर कोरडा दिसतोय.

सूचनेवर विश्वास ठेवा. यूएसबी-सी पोर्टमध्ये २४ संपर्क असतात आणि फोन त्यांतल्या काहींमधला विद्युतरोध तपासत असतो. जिथे वीज वाहायला नको तिथे थोडी वाहताना दिसली की तो चार्जिंग अडवतो. डोळ्यांना न दिसणारा ओलावाही यात सापडतो.

केबल काढा. पोर्ट खाली करून फोन हळूच आपटा आणि हवेशीर जागी किमान अर्धा तास ठेवा. पूर्ण वाळायला एक दिवसही लागू शकतो. पोर्टमध्ये कापूस, कागद, काडी घालू नका. बॅटरी संपत आली असेल आणि फोनमध्ये वायरलेस चार्जिंग असेल तर पाठ कोरडी पुसून ते वापरता येतं. काही फोन सूचना डावलून चार्ज करायची सोय देतात. जिवावरचा प्रसंग असल्याशिवाय ती वापरू नका, पिना कायमच्या जातात.

फोन वाळूनही सूचना येतच राहिली तर केबल बदलून पाहा, कधी ओलावा केबलच्या टोकात असतो. तरीही येत असेल तर पोर्टमध्ये खिशातला कापसासारखा मळ दबून बसलेला असतो आणि तो ओलावा धरून ठेवतो. फोन बंद करून, भिंगाखाली, लाकडी किंवा प्लास्टिकच्या बारीक काडीने तो काढता येतो. धातूची पिन वापरायची नाही. हात थरथरत असेल तर कुणा जाणत्याकडून करून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे.

एक खबरदारी केबलबद्दलही. जुन्या आयताकृती यूएसबी-ए चार्जरच्या केबलच्या टोकाला ५ व्होल्ट कायम असतात, फोन लावलेला असो वा नसो. असं टोक ओल्या ओट्यावर पडून राहिलं की ते एकटंच गंजायला लागतं आणि मग गंजलेलं टोक चांगल्या फोनचा पोर्ट खराब करतं. वापर झाला की चार्जर बंद करा.

बॅटरीत पाणी गेलं तर? ती फुटते का?

फोनची बॅटरी ॲल्युमिनियम आणि प्लास्टिकच्या थरांच्या बंद पाकिटात असते, त्यामुळे पाणी सहजासहजी तिच्या आत जात नाही. नाजूक असतो तो तिच्या डोक्यावरचा छोटा संरक्षक बोर्ड आणि कनेक्टर. तिथे खारट ओलावा बसला की बॅटरी आपोआप उतरू लागते, टक्के उड्या मारतात, ४० वरून एकदम ५ वर. कधी संरक्षण करणारी चिपच काम करेनाशी होते, आणि हे जास्त गंभीर आहे.

पाकिटाला चीर पडून ओलावा आत गेलाच तर आतला लिथियमचा क्षार पाण्याशी क्रिया करून हायड्रोफ्लुओरिक आम्ल तयार करतो. हे आम्ल अत्यंत घातक असतं. वायूही बनतो आणि बॅटरी फुगते. स्क्रीन एका बाजूने उचलली गेली, मागचं झाकण फुगलं, गोडसर रासायनिक वास आला तर फोन वापरणं तिथेच थांबवा. दाबून झाकण बसवू नका, टोचू नका, चार्ज करू नका. पेट घेणार नाही अशा जागेवर, फरशीवर किंवा दगडावर, जळाऊ वस्तूंपासून दूर ठेवा आणि ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे किंवा दुरुस्तीच्या दुकानात द्या. घरच्या कचऱ्यात ती कधीही जाऊ नये. कचरा दाबणाऱ्या यंत्रात ती पेटते आणि तिथे माणसं काम करत असतात.

समुद्राच्या पाण्यात बुडालेली बॅटरी चालू दिसली तरी बदलाच. यावर मी तडजोड करत नाही.

रिमोट, विजेरी, घड्याळ यांतले सेल पांढरे पडतात. तो ओलावाच का?

अंशतः. अल्कलाइन सेलमध्ये पोटॅशियम हायड्रॉक्साइड असतं. सेल जुना झाला, पूर्ण उतरला की ते झिरपतं आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून पांढरी पूड बनते. दमट जागेत संपर्काच्या पट्ट्या त्यासोबत गंजतात. हातमोजे घालून सेल काढा. कापसाच्या बोळ्यावर थोडं व्हिनेगर घेऊन पट्ट्या पुसा, ते अल्कलीला मारतं. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने (साफसफाईचं, लवकर उडून जाणारं अल्कोहोल) पुसून वाळू द्या. हा उपाय अल्कलाइन सेलच्या पट्ट्यांसाठीच आहे, लिथियम बॅटरीला व्हिनेगर लावू नका.

न वापरलेले सेल फ्रीजमध्ये ठेवायची जुनी सवय सोडा. बाहेर काढताच त्यांच्यावर पाणी धरतं. कोरडी, थंडशी कपाटाची जागा पुरे.

इअरबड्स आणि मनगटी घड्याळ तर घामासाठीच बनवलेली असतात ना?

शिंतोडे सहन करण्यासाठी, हो. पण इअरबड्स चार्ज करणारी डबी बहुधा तितकी संरक्षित नसते. ओले इअरबड्स डबीत टाकले की आतल्या चार्जिंगच्या टोकांवर वीज येते, मध्ये घाम असतो, आणि वर सांगितलेलं विघटन बंद झाकणाआड सुरू होतं. एका कानाचा इअरबड चार्ज होत नाही या तक्रारीमागे मला अनेकदा हेच सापडतं. डबीत ठेवण्याआधी धातूचे ठिपके पुसा. घड्याळाच्या पाठीवरच्या ठिपक्यांचंही तेच.

सिलिका जेलच्या पुड्यांचा उपयोग होतो का?

जपून ठेवायच्या वस्तूंसाठी खूप. घट्ट झाकणाच्या डब्यात सुट्या बॅटऱ्या, जुना फोन, इअरफोन यांच्याबरोबर काही पुड्या ठेवा. सिलिका जेल स्वतःच्या वजनाच्या सुमारे एक तृतीयांश इतका ओलावा धरतं आणि मग भरतं. सुटे दाणे सुमारे १२० अंशांवर दोन-एक तास तापवले की पुन्हा कामाला येतात. निळ्या दाण्यांत कोबाल्ट क्लोराइड असतं, ते आरोग्याला चांगलं नाही. नारिंगी दाणे घ्या आणि मुलांपासून दूर ठेवा.

जुना फोन दीर्घकाळ ठेवायचा असेल तर बॅटरी निम्मी भरून, फोन बंद करून ठेवा. भिजलेल्या फोनसाठी मात्र या पुड्याही फार हळू पडतात.

फोन समुद्रात किंवा गोड पेयात पडला तर वेगळं काही?

हो, आणि हे ऐकून लोक दचकतात. पाणीरोधक फोन असेल तर बंद करून तो लगेच हलक्या हाताने गोड्या पाण्याने विसळा. मीठ आणि साखर वाळू द्यायची नाही. मोठ्या कंपन्याही हेच सांगतात. संरक्षण नसलेल्या फोनला मात्र घरी विसळू नका. बंद करून त्याच दिवशी दुरुस्तीला न्या.

दुरुस्तीला नेल्यावर ते नक्की काय करतात? काय विचारू?

आधी तुम्ही खरं सांगा. कशात पडला, किती वेळ, नंतर चार्जिंगला लावला का. लपवून काही साधत नाही. सिमच्या खाचेत आणि आत ठिकठिकाणी पांढरे सूचक ठिपके असतात, पाणी लागलं की ते लाल होतात.

चांगला कारागीर फोन उघडून प्रथम बॅटरी सोडवतो. मग बोर्ड बाहेर काढून धातूची झाकणं उचलतो, ९९ टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने मऊ ब्रशने धुतो, गरज असेल तर ध्वनिलहरींनी मळ सोडवणाऱ्या अल्ट्रासॉनिक टाकीत घालतो, वाळवतो आणि भिंगाखाली तपासतो. ७० टक्क्यांचं अल्कोहोल बाहेरून पुसायला ठीक, बोर्डासाठी नाही, कारण उरलेलं ३० टक्के पाणीच असतं. कुणी न उघडता नुसती गरम हवा मारून फोन परत देत असेल तर तो घेऊन दुसरीकडे जा. आणि उघडलेला फोन पुन्हा जोडताना नवी चिकटपट्टी लावणार का, हे जरूर विचारा.

वॉरंटीत बसतं का?

साधारणपणे नाही. आयपी६८ लिहिलेल्या फोनचीही नेहमीची वॉरंटी द्रवाने झालेलं नुकसान बहुधा धरत नाही. अपघाती नुकसानीचं वेगळं संरक्षण घेतलं असेल तर त्याची कागदपत्रं वाचा.

फोन वाळला आणि सुरू झाला. आता काळजी मिटली?

सुरू झाल्याबरोबर पहिलं काम, फोटो, संपर्क, कागदपत्रं यांची प्रत दुसरीकडे काढा. त्याच तासात. हल्लीच्या फोनमधली माहिती कूटबद्ध असते आणि ती त्याच बोर्डावरच्या चिपशी बांधलेली असते. बोर्ड मेला की साठवणुकीची चिप सुटी काढून माहिती वाचता येत नाही, आधी तो बोर्डच जिवंत करावा लागतो. मी ते करून पाहतो, दर वेळी जमत नाही.

मग पुढचे दोन-तीन आठवडे लक्ष ठेवा. गंज सावकाश चढतो, आठव्या दिवशी बंद पडलेले फोन मी पाहिले आहेत. काही न करता फोन कोमट लागतो का, रात्रीत बॅटरी नेहमीपेक्षा जास्त उतरते का, बोलताना समोरच्याला तुमचा आवाज घुमल्यासारखा येतो का, कॅमेऱ्याआड धुकं आहे का. यांतलं एक जरी दिसलं तरी फोन उघडून बोर्ड धुऊन घ्या. या टप्प्यावर तो बहुतेक वेळा वाचतो.